फराहबाग : ना मशीद, ना मकबरा

कल्याणहून मुरबाडमार्गे निघालेला रस्ता माळशेज घाट चढतो, ओतूर आणि आळेफाटा मागे टाकतो आणि नगरला पोहोचतो. पुढे तोच पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत नांदेडकडे जातो. माळशेजच्या शेजारी नाणेघाट आहे. कल्याण बंदरात उतरलेला माल सातवाहनांच्या काळापासून त्या घाटाने जुन्नरला जात असे. निजामशाहीचा इतिहास समजून घ्यायचा असेल तर या एका वाटेवरून प्रवास केला तरी पुरतो.

वाटेच्या पलीकडच्या टोकाला पाथरी आहे. निजामशाही घराण्याचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्माने पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांच्या घरातला होता, विजयनगरच्या लढाईत पकडला गेला आणि बहामनी दरबारात मुसलमान म्हणून वाढला, असे फरिश्ता हा इतिहासकार सांगतो. त्याचा मुलगा अहमद जुन्नरचा कारभार पाहत असे. १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव करून तो स्वतंत्र झाला आणि १४९४ मध्ये सीना नदीकाठी त्याने आपल्या नावाचे शहर वसवायला घेतले. वाटेच्या अलीकडच्या टोकाला आमचे कल्याण. तेही दीर्घकाळ निजामशाहीत होते. १६३६ मध्ये शाहजहानने निजामशाही बुडवली आणि तहात हा कोकणपट्टा आदिलशाहीकडे गेला. म्हणजे कल्याणकरांना नगर परके नाही. एके काळी आमची राजधानीच होती ती.

या राजधानीतल्या एका इमारतीविषयी मला लिहायचे आहे. शहराच्या आग्नेयेला, सोलापूर रस्त्याच्या बाजूला, लष्करी हद्दीच्या शेजारी ती उभी आहे. तिचे नाव फराहबाग. कागदोपत्री ‘महाल’ असले तरी ती राहण्याची जागा वाटत नाही. बागेच्या मधोमध, हौदाच्या मधोमध बांधलेला तो बागमंडप आहे. दिवाणखाना, अंतःपुर, मुदपाकखाना असा राजवाड्याचा पसारा तिथे नाही. एक मोठे दालन, त्याच्या भोवती काही खोल्या आणि चारही बाजूंनी पाणी, एवढाच त्याचा विचार.

कोणी बांधला, कोणासाठी

‘फरह’ म्हणजे आनंद, ‘बख्श’ म्हणजे देणारा. बागेचे पूर्ण नाव फराहबख्श. बोलीभाषेत त्याचे फराहबाग, फर्याबाग झाले. बांधकाम १५८३ मध्ये पूर्ण झाले. तेव्हा गादीवर मुर्तजा निजामशाह पहिला होता. त्याची कारकीर्द १५६५ ते १५८८. सुरुवातीच्या वर्षांत हा सुलतान कर्तबगार होता. १५७४ मध्ये वऱ्हाडची इमादशाही जिंकून त्याने राज्य सर्वात मोठे केले. त्या मोहिमेत त्याचा उजवा हात होता वजीर चंगीझखान. पण दरबारातल्या लावालावीवर विश्वास ठेवून मुर्तजाने याच चंगीझखानाला विष देवविले. पुढे त्याची निष्ठा उघड झाली, तेव्हा सुलतानाला पश्चात्तापाने घेरले आणि तो लोकांत मिसळेनासा झाला. वर्षानुवर्षे तो बागांमध्ये एकांतात राहिला. लोकांनी त्याला ‘दिवाणा’ म्हणायला सुरुवात केली.

फराहबागेचा पहिला आराखडा न्यामतखान या सरदाराने उभा केला होता. तो मुर्तजाला पसंत पडला नाही. मग वजीर सलाबतखानाने काम हाती घेतले आणि इमारत नव्याने बांधून पुरी केली. आनंद देणारी म्हणून नाव दिलेली जागा अशा माणसासाठी बांधली गेली, ज्याच्या वाट्याला आनंद फारसा उरलेला नव्हता. पाच वर्षांनी, १५८८ मध्ये, मुर्तजाला त्याच्याच मुलाने हमामखान्यात कोंडून मारले. फरिश्ता त्या वेळी नगरच्या दरबारातच चाकरीला होता. त्याचे वर्णन ऐकीव नाही.

सलाबतखानाचीही एक गोष्ट सांगायला हवी. शहराच्या पूर्वेला एका उंच डोंगरावर तीन मजली अष्टकोनी इमारत आहे. सगळे नगर तिला ‘चांदबिबी महाल’ म्हणते. सहली तिथे जातात, छायाचित्रे निघतात. प्रत्यक्षात ती सलाबतखानाची कबर आहे, चांदबिबीशी तिचा संबंध नाही. ज्या वजिराने शहराला त्याची सर्वात देखणी बाग दिली, त्याच्या स्वतःच्या थडग्यावरही लोकांनी त्याचे नाव राहू दिले नाही. त्यात कोणाचा कट नव्हता. चांदबिबी लढली, म्हणून लक्षात राहिली. सलाबतखानाने बांधले, म्हणून विसरला गेला.

इमारत कशी आहे

फराहबागेचा आराखडा ज्याला ‘हश्त बिहिश्त’ म्हणतात त्या पद्धतीचा आहे. हश्त म्हणजे आठ, बिहिश्त म्हणजे स्वर्ग. जन्नतचे आठ दरवाजे ही कल्पना आपल्या घराघरांत माहीत आहे. अमीर खुसरोच्या एका काव्याचेही हेच नाव आहे. स्थापत्यात त्याचा अर्थ सरळ आहे. मध्ये एक घुमटाखालचे दालन, त्याच्या चार दिशांना चार आणि चार कोपऱ्यांना चार अशा आठ जागा. चौरसाचे कोपरे कापले की बाहेरून इमारत अष्टकोनी दिसते.

फराहबागेत मधले दालन दोन मजल्यांएवढे उंच आहे. घुमट जमिनीपासून सुमारे ३० फुटांवर. चार मुख्य दिशांना प्रचंड महिरपी आहेत, खालपासून वरपर्यंत एकच कमान. त्यांच्या दोन्ही अंगांना मात्र लहान कमानी एकावर एक अशा दोन मजल्यांत बसवल्या आहेत. त्यामुळे दुरून पाहताना इमारत एक मजल्याची की दोन, हे चटकन कळत नाही. मोठ्या कमानीकडे पाहिले की एक, लहान कमानींकडे पाहिले की दोन. माझ्या मते या इमारतीचे सौंदर्य याच खेळात आहे. तिला संगमरवर नाही, रंगीत फरशा नाहीत, जाळीकाम नाही. दगड, चुना आणि प्रमाण यांवर सगळे उभे आहे.

भिंती अनघड दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या. त्यांवर चुन्याचा गुळगुळीत गिलावा होता. बहुतेक ठिकाणी तो गळून गेला आहे, काही कोनाड्यांत आणि कमानींच्या पोटात अजून शाबूत आहे. मी पहिल्यांदा तिथे गेलो ते एप्रिलच्या दुपारी. बाहेर फुफाटा होता. मोठ्या महिरपीतून आत शिरलो आणि चार पावलांत हवा बदलली. हौदात पाण्याचा थेंब नव्हता, गवत वाळून पिवळे पडले होते. तरीही आत गारवा होता. पाणी असताना तिथे काय सुख असेल, याचा अंदाज तेव्हा आला.

हा गारवा हिशेबाने बांधलेला आहे. नगर पर्जन्यछायेतले. माळशेज चढून गेलो की पाऊस मागे राहतो. वर्षाला ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. अशा ठिकाणी भोवती खोल हौद ठेवला की वारा पाण्यावरून निवत आत येतो. दालन उंच असल्याने गरम हवा वर चढते आणि वरच्या मजल्याच्या झरोक्यांतून निघून जाते. जाड भिंतींमुळे दुपारचे ऊन आत पोहोचेपर्यंत संध्याकाळ होते. आज आपण विजेवर जे विकत घेतो, ते इथे दगड आणि पाण्याच्या मांडणीतून मिळवले होते.

पाणी कुठून आणले हा पुढचा प्रश्न. निजामशाहीने या कोरड्या शहरात डोंगरउताराचे पाणी आणले ते जमिनीखालच्या खापरी नळांनी. कापूरवाडी, भिंगार, शेंडी, वडगाव अशा बाजूंनी हे नळ येत. १८८४ च्या गॅझेटियरमध्ये अशा सुमारे १५ नळांची नोंद आहे. ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवून, उताराचा हिशेब सांभाळून हे पाणी मशिदींच्या हौदांत, हमामखान्यांत, वाड्यांत आणि बागांत जाई. सामान्य वस्तीलाही ते मिळे. बागेचा हौद हा त्या सगळ्या जलव्यवस्थेचा केवळ शेवटचा आणि डोळ्यांना दिसणारा भाग होता.

ताजमहालाची साक्ष कशाला?

नगरला गेलात की कोणीतरी हमखास सांगते, शाहजहानने ताजमहालाची कल्पना फराहबागेवरून घेतली. सांगणाऱ्याच्या डोळ्यांत अभिमान असतो, म्हणून त्याला तोडावेसे वाटत नाही. पण हे पटण्यासारखे नाही. हश्त बिहिश्तचा आराखडा मोगलांकडे त्यांच्या तैमूरी पूर्वजांकडून आला होता. दिल्लीतला हुमायूनचा मकबरा याच आराखड्याचा. तो १५७० च्या सुमारास पूर्ण झाला, म्हणजे फराहबागेच्या आधी. त्याचा स्थपती मीरक मिर्झा गियास हेरातकडचा. शाहजहान दख्खनमध्ये येऊन गेला हे खरे, पण त्याला हा नमुना घरीच उपलब्ध होता.

मला आक्षेप वेगळाच आहे. आपल्या इमारतीला मोठे ठरवायला ताजमहालाची चिठ्ठी का लागावी? फराहबागेची स्वतःची वंशावळ पुरेशी भक्कम आहे. पंधराव्या शतकात इराणात तब्रीझला हश्त बिहिश्त नावाचा महाल होता. इस्फहानला आज जो हश्त बिहिश्त पाहायला जगभरातून लोक जातात तो १६६९ चा. नगरच्या सावेडी भागातली हश्त बिहिश्त बाग मात्र अहमद निजामशाहच्या काळातली, १५०६ ची. आधी तिचे नाव फैझबख्श होते. तिथेही पाण्याच्या मधोमध अष्टकोनी महाल होता, आणि त्याचे अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे इस्फहानच्या मंडपाआधी दीडशेहून अधिक वर्षे सीनेच्या काठी या नावाची, या आकाराची वास्तू होती. फराहबागही त्याच्याहून ८६ वर्षांनी जुनी.

हे घडले कारण नगरचा दरबार इराणशी जोडलेला होता. बुऱ्हाण निजामशाहच्या काळात शाह ताहिरसारखा विद्वान तिकडून आला. पुढे जुहुरीसारखा कवी आला, त्याने आपले ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहला अर्पण केले. कोकणच्या बंदरांतून माणसे, घोडे, पुस्तके आणि कल्पना घाट चढून वर येत. त्या बंदरांत कल्याणही होते. पुण्यातले स्थापत्य-इतिहासकार पुष्कर सोहोनी यांनी निजामशाहीच्या वास्तूंवर २०१८ मध्ये स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ लिहिला आहे. विजापूर-गोवळकोंड्याच्या सावलीत राहिलेल्या या वास्तूंना त्यामुळे अभ्यासकांत जागा मिळाली. मराठी वाचकापर्यंत ते अजून पुरेसे आलेले नाही.

मराठीत शिल्लक राहिलेली बाग

कल्पना इराणातून आली, पण दगड इथलाच, चुना इथलाच, आणि हातही बहुतांशी इथलेच असणार. त्या पाथरवटांची, बेलदारांची, गवंड्यांची नावे कोणत्याही तवारिखेत नाहीत. त्यांचा पुरावा दुसरीकडे आहे, आपल्या बोलण्यात. आज कोणत्याही मराठी माणसाला घर बांधताना जे शब्द वापरावे लागतात ते पाहा. गिलावा फारसी. घुमट फारसी ‘गुंबद’वरून. महिरप ही ‘मेहराब’. हौद हा अरबी ‘हौज’. फरशी ‘फर्श’वरून. तावदान हे फारसी ‘ताबदान’. गच्चीतला ‘गच’ म्हणजे चुन्याचा पक्का थर, तोही तिकडचाच. आणि ‘बाग’ तर इतकी मराठी झाली आहे की तिला परकी म्हणायला कोणी धजणार नाही.

हे शब्द तलवारीने आले नाहीत. कारागीर शेजारी शेजारी बसून काम करताना शब्द असे रुजतात. एकाने ‘गिलाबा’ म्हटले, दुसऱ्याने ‘गिलावा’ ऐकले, आणि तिसऱ्या पिढीत तो कोणाचा हे विचारायची गरजच उरली नाही. मालोजीराजे आणि शहाजीराजे याच निजामशाहीत वाढले. नगरच्या शाह शरीफ पिराच्या नावावरून मालोजींनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे बखरी सांगतात. ज्या काळात ही नावे घरात सहज ठेवली जात, त्याच काळातला हा मंडप आहे.

जिथे नमाज नाही, उरूस नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो आधी आपल्या समाजापुढे मांडायचा आहे, मग इतरांपुढे.

घुमट दिसला की इतर लोक विचारतात, इथे कोण पुरले आहे? आपल्यातला माणूस विचारतो, इथे नमाज होते का? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ आले की दोघेही पाठ फिरवतात. मशीद टिकते, कारण तिथे दिवसातून पाच वेळा माणूस जातो. छपरातून पाणी गळले तर संध्याकाळपर्यंत जमातीला कळते. कल्याणात काळ्या तलावाकाठची मशीद टिकली ती याच कारणाने. दर्गा टिकतो, कारण तिथे उरूस भरतो, चादर चढते, पेटीत पैसे पडतात. मंदिराचेही तसेच. नगरचा भुईकोट किल्लाही लोकांच्या मनात टिकून आहे. १९४२ ते १९४५ तिथे राष्ट्रीय नेते कैदेत होते. नेहरूंनी तिथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि मौलाना आझादांनी ‘गुबार-ए-खातिर’. त्या किल्ल्याला सांगायला गोष्ट आहे.

बागमंडपाला यातले काहीच नाही. तो इबादतीचा नाही, शोकाचा नाही, लढाईचा नाही. वाऱ्यात बसावे, पाण्याकडे पाहावे, गाणे ऐकावे, एवढ्यासाठी तो बांधला. महाराष्ट्रातल्या मुसलमानांचा इतिहास म्हटला की स्वाऱ्या आणि दर्गे या दोनच खणांत तो ठेवला जातो. शाळेच्या पुस्तकातही तसेच, आणि खरे सांगायचे तर आपल्या जलशांत, व्याख्यानांतही तसेच. आराखडा काढणारा, उतार मोजून नळ टाकणारा, उन्हाळ्याचा इलाज शोधणारा, सौंदर्यासाठी सौंदर्य उभे करणारा माणूस या दोन्ही खणांत बसत नाही. फराहबाग पडली तर एक जुनी इमारत जाईल हे आहेच. पण त्या माणसाचा पुरावाही जाईल.

कायद्याने ती अनाथ नाही. ती केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत आहे. १९५८ चा स्मारक कायदा आणि त्याची २०१० ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत परवानगी लागते. कायदा भिंत पाडू देत नाही, हे खरे. पण भिंतीवर खिळ्याने नाव कोरणाऱ्याचा हात धरायला तिथे माणूस लागतो. गिलाव्यावर बदामात बाण काढून दोन नावे लिहिणाऱ्या पोरांना आपण काय खरवडतो आहोत ते माहीतच नसते. चारशे वर्षांपूर्वीचा घाणीत मळलेला चुना आहे तो. एकदा गेला की तसा परत करणारे कारागीर आता मोजके उरले आहेत. सिमेंटने तो बुजवताही येत नाही. चुना श्वास घेतो, भिंतीतली ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडून ठेवते आणि आतला दगड-चुना पोखरू लागतो.

काय करता येईल

मोठ्या मागण्या माझ्याकडे नाहीत. पहिली गोष्ट, जाऊन या. नगर परिसरातल्या उर्दू आणि मराठी शाळांनी आपली सहल एकदा तरी इथे न्यावी. मुलांना इथे इतिहासाबरोबर भूमितीही शिकवता येईल. चौरसाचा अष्टकोन कसा होतो हे फळ्यावर काढण्यापेक्षा इथे चालत जाऊन मोजता येते. दुसरी, स्मारकापाशी ही वास्तू काय आहे, आराखडा कसा आहे, पाणी कुठून येत होते, हे सोप्या मराठीत आणि नकाशासह सांगणारा फलक हवा. संरक्षणाचे नियम सांगणाऱ्या फलकाने माणूस घाबरतो, शिकत नाही. तिसरी गोष्ट पाण्याची. तज्ज्ञांनी पायाची तपासणी करून हिरवा कंदील दिला, तर पावसाळ्यापुरते तरी हौदात पाणी साठवण्याचा विचार व्हावा. पाण्याविना ही इमारत अर्धीच कळते.

२०२४ मध्ये अहमदनगरचे नाव अहिल्यानगर झाले. अनेक वाचकांनी मला त्यावर लिहायला सांगितले होते. मला एवढेच म्हणायचे आहे. अहिल्याबाई याच जिल्ह्यातल्या चौंडीच्या. देशभर त्यांची ओळख आहे ती बारवा, घाट, विहिरी बांधणारी आणि पडलेले उभे करणारी राज्यकर्ती म्हणून. ज्या शहराने त्यांचे नाव घेतले आहे, त्याच्या हद्दीत एक कोरडा हौद, बुजलेले खापरी नळ आणि चुना गळत असलेला एक मंडप आहे. त्यांची डागडुजी करणे हे त्या नावाला साजेसेच काम ठरेल, आणि त्यासाठी जुन्या-नव्या नावाचा वाद मिटण्याची वाट पाहावी लागणार नाही.

आपल्या वाचकांत वास्तुशास्त्र शिकणारी बरीच मुले-मुली आहेत. त्यांनी रीतसर परवानगी काढून सावेडीच्या हश्त बिहिश्त महालाची मोजणी करावी, आराखडे काढावेत आणि ते मराठीत प्रसिद्ध करावेत, अशी विनंती आहे. फराहबागेपेक्षा तो जास्त मोडकळीला आला आहे आणि त्याच्याहून जुना आहे. कल्याणहून सकाळची पहिली एसटी धरली तर दुपारपर्यंत नगरला पोहोचता येते.